पोकळीचं माप

तार मधोमध राहिली पाहिजे.
बाकी सगळं हवेवर, असं हडकरमामा म्हणतात
आणि नायट्रोजनच्या नळकांड्यावरचा काटा
केसभर हलला तरी
भाकरी डब्यात तशीच टाकून उठतात.

खैरानी रोडला आमचा गाळा.
एका बाजूला पत्र्याचे डबे ठोकणारे,
दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिकांचा छापखाना.
गार करायची पन्हळ आमच्यात मावेना,
म्हणून भिंतीला भोक पाडून
ती छापखान्यातून फिरवून आणली आहे.
तिथे सुलेमान सोनेरी शाई घोटत असतो
आणि त्याच्या डोक्यावरून
पाण्यात बुडालेली पांढरी दोरी
रात्रंदिवस चालत राहते.
'यातून काय जातं?' त्याने एकदा विचारलं.
म्हटलं, अजून काहीच नाही.

प्लास्टिक लहरीला खातं.
जेवढं जाड भराल तेवढी ती आत जिरते,
दुसऱ्या टोकाला कण्हत पोहोचते.
खरं तर तारेभोवती काहीच नको,
पण काहीच नसेल तर तार लोंबते,
बाहेरच्या जाळीला टेकते, संपलं.
म्हणून हा फेस.
शंभरातला पाव हिस्सा पॉलिथिन
आणि बाकीचं
त्याने मुठीत धरून ठेवलेलं काही नाही.
एक बुडबुडा दुसऱ्याला भेटता कामा नये.
भेटले की पाण्याला वाट मिळते.

तार आधी तापवायची,
थंड तारेला फेस धरत नाही.
तिच्या अंगावर पातळ साय,
सायीवर फेस,
फेसावर पुन्हा साय.
हे सगळं डायच्या तोंडाशी
पापणी लवायच्या आत.
मामा गिअरबॉक्सला लाकडाचा दांडा लावून
दुसरं टोक कानाला लावतात.
डावा कान. उजवा चोवीस वर्षांपूर्वी
याच गाळ्यात गेला.

माझा तिसरा आठवडा, रात्रपाळी.
तीनच्या सुमाराला दिवे मंदावले आणि परत आले.
मीटरवर बावन्नचे चौपन्न झाले,
चाळीस मीटर गेले, मग पुन्हा बावन्न.
मी मशीन थांबवायला सांगितलं.
'तीनशे मीटरच्या ड्रममध्ये चाळीस,'
मामा म्हणाले, 'टॉवरवर कोण चढून बघणार?'
मी ब्लेड घेतलं.
चकती कापली, भिंगाखाली धरली:
फेस बसलेला, नुसता दगड.
पुढची कापली:
खसखशीत पडावा तसा
ज्वारीएवढा एक बुडबुडा,
तारेला खेटून, साय फाडून.
त्यांना दाखवली. त्यांनी पाहिली नाही.
चष्मा शर्टाला पुसत राहिले.

ड्रम तोडला.
भंगारवाल्याने पोतं उचलून पाहिलं
आणि हसला: ताई, यात वजनच नाही,
कशाचे पैसे देऊ?

चार दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत.
चहा यायचा, माझा पेला टेबलाच्या कडेला
सांडेल न सांडेल असा ठेवलेला.
मीही गप्प. वहीत आकडे लिहायचे:
व्यास, दाब, पाण्याचं तापमान,
व्होल्टेज, जे आधी कुणी लिहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी पाळीवर आले तर
वहीवर एक चकती,
बोटाच्या पेरापेक्षा बारीक.
मामा पाठमोरे,
डायचे चार स्क्रू फडक्याने पुसत होते,
पुसलेलेच पुन्हा पुसत होते.
'मोज,' म्हणाले, न वळता.

भिंगाखाली धरली.
बुडबुड्यांत एकही मोठा नाही,
एकही दुसऱ्याला टेकलेला नाही.
सगळे शेजारी, सगळे बंद दाराचे,
आणि मधे तांब्याचा लाल ठिपका.
तारेपासून कडेपर्यंत चारही बाजू घेतल्या.
तीन सारख्या भरल्या,
चौथी दोन शतांशांनी कमी.

मी तेही लिहिलं.
मामांनी डावा कान माझ्याकडे केला.
'दोन,' मी मोठ्याने सांगितलं.
त्यांनी चौथा स्क्रू जरासा, अगदी जरासा,
फिरवला.